रात्रीचा बिबट्या, दिवसाचं येऊर

वाघबीळ, ठाणे
रविवार, रात्री उशिरा

जेवणं आटोपल्यावर आईबरोबर 'प्लॅनेट अर्थ 2'चा शहरांवरचा भाग परत पाहिला. 2016 सालची ही बीबीसीची निसर्गमालिका, भाग सहाच, निवेदन डेव्हिड अ‍ॅटनबरो यांचं. आईला इंग्रजी फारसं कळत नाही, पण त्यांच्या आवाजावरून आता जीव जाणार की वाचणार हे तिला बरोबर समजतं.

तिचा आवडता भाग बेटांचा. गॅलापागोसमधल्या फर्नांडिना बेटावर इग्वानाची पिल्लं वाळूतून डोकं वर काढतात आणि खडकांच्या फटीफटींतून साप सुटतात. एक पिल्लू सापांच्या विळख्यातून निसटून कड्यावर चढतं, तोवर आईने माझं मनगट आवळून धरलेलं असतं. ते एकाच पिल्लाचं चित्रण नाही, वेगवेगळ्या पाठलागांचे तुकडे जोडलेत, हे पुढे निर्मात्यांनीच सांगितलं. मला ते खटकलं नाही. साप खरे होते, पिल्लं खरी होती, आणि तिथे दर वर्षी हेच घडतं.

मला स्वतःला मात्र 2006 च्या पहिल्या 'प्लॅनेट अर्थ'मधली प्रत्येक भागाच्या शेवटची दहा मिनिटं जास्त प्रिय आहेत, चित्रण कसं केलं ते दाखवणारी. हिमबिबट्यासाठी पाकिस्तानातल्या चित्रालच्या डोंगरांत जाऊन बसलेली माणसं. थंडीने बधिर झालेली बोटं, दुर्बिणीतून तोच उतार पुन्हा पुन्हा न्याहाळणं, आणि कितीतरी वेळ हाती काहीच नाही. दुसऱ्या मालिकेच्या वेळी लडाखमध्ये जनावराच्या वाटांवर कॅमेरे लावून ठेवले, माणूस मागे सरला. तरी आधी वाट शोधावीच लागते. कुठल्या खडकावर तो मूत्र शिंपडतो, कुठल्या कपारीला अंग घासतो, हे कळायला तिथलाच माणूस सोबत लागतो. त्या दहा मिनिटांत असा माणूस दिसतो. मुख्य भागात तो नसतो. तिथे डोंगर, बर्फ आणि जनावर, बस्स.

शहरांच्या भागातल्या मुंबईच्या बिबट्याच्या प्रसंगाशी येऊन माझं मन नेहमी याच जागी अडतं.

रात्रीचं चित्रण आहे. उष्णता टिपणारा कॅमेरा, काळोखी पडदा आणि त्यावर पांढरा उजळलेला बिबट्या. वस्तीच्या कडेने येतो, डुकरांचा माग घेतो, झेप टाकतो. निवेदनात माणसांवरच्या हल्ल्यांचा उल्लेख येतो. चित्रण थक्क करणारं आहे यात वादच नाही. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे 104 चौरस किलोमीटरचं, चहूबाजूंनी शहराने वेढलेलं. 2018 च्या कॅमेरा ट्रॅप गणनेत उद्यान आणि आसपासच्या भागात मिळून 47 बिबटे आढळले. एवढ्याशा जागेत इतके! आमच्या गॅलरीतून दिसणारा डोंगर त्याच रानाचा.

पण दिवस उजाडतच नाही त्या प्रसंगात. माणसं आहेत ती पाठमोरी, बेसावध, आता काय होईल अशा धास्तीने आपण त्यांच्याकडे पाहावं एवढ्यापुरती. या रानात पिढ्यान्‌पिढ्या राहणारे वारली कुठे गेले? त्यांचा वाघोबा देव? वाघबारशीला त्याच्यापुढे नारळ फुटतो. बिबट्या त्यांच्या घराशेजारून जातो, हे त्यांना बातमी म्हणून कुणी सांगावं लागत नाही.

2004 साली उद्यानाच्या आजूबाजूला बिबट्यांनी बरेच बळी घेतले, ते वर्ष आईला पक्कं आठवतं. तेव्हा सगळ्यांची एकच मागणी, पिंजरे लावा, धरा, लांब नेऊन सोडा. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांनी जुन्नरच्या बिबट्यांचा अभ्यास करून दाखवून दिलं की धरून भलत्याच रानात सोडलेल्या बिबट्यांमुळे तिथले हल्ले उलट वाढतात. अनोळखी मुलूख, त्यात आधीच दुसऱ्यांच्या हद्दी, आणि तो बिथरलेला. उद्यानातही धोरण बदललं. 2011 पासून वनखातं वस्त्यांमध्ये सांगत आलंय की कचरा साठू देऊ नका. कचऱ्यावर कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागून बिबट्या येतो. म्हटलं तर कचऱ्याच्या डब्याची गोष्ट. पण जीव वाचतात ते अशाने, आणि कॅमेऱ्याला यात पाहण्यासारखं काही वाटलं नाही याचं मला मनापासून दुःख होतं.

परवा जांभळी नाक्यावर उद्यानातल्या येऊरच्या पाड्यावरची एक मावशी शेवळं ही रानभाजी घेऊन बसली होती. पहिला पाऊस पडला की येतात ती. जुडीसोबत मूठभर हिरवी काकडं, म्हणजे आंबट रानफळं, देतेच, ती भाजीत घातली नाहीत तर घसा खाजतो. मी विचारलं, "मावशी, इतक्या पहाटे रानात जाता, वाघ दिसतो का?" बिबट्याला इकडे वाघच म्हणतात.

"दिसतो की. गेल्या पावसात आमचं कुत्रं नेलं. आता कोंबड्या घरात घेतो." जुडीवरची माती झटकत तिने विचारलं, "अजून एक देऊ का, ताई?"

आवाजात भीती नव्हती, कौतुकही नव्हतं. कुत्रं गेल्याचं तिला वाईट वाटलंच असणार. तरी पहाटे ती त्याच रानात शिरते, कारण शेवळं तिथेच उगवतात. ही अशी ओळख मला पडद्यावर पाहायची आहे. पहाटे शेवळं खुडणारे हात, टीएमटीच्या बसची वाट पाहणारी पाड्यावरची पोरं, ओल्या मातीत ठसा पाहून बाजूने जाणारा गुराखी, आणि त्याच वाटेवर रात्री तोच बिबट्या. सगळं एका तासात, एकाच रानात.

आईला हे बोलून दाखवलं. ती म्हणाली, "मग पाड्यावरच्याच कुणाच्या तरी हातात दे की कॅमेरा." पटलं मला. चित्रालच्या डोंगरांत थांबायची जागा शोधण्यातच केवढे दिवस गेले असतील. इथे ती जागा ज्यांना लहानपणापासून ठाऊक आहे, ती माणसं ठाणे स्टेशनपासून एका बसच्या अंतरावर राहतात. निवेदनही त्यांच्याच बोलीत असू दे. खाली अक्षरं उमटली की आई चष्मा लावून वाचेल.