ओम्नीचा चेंबर आणि सिलिकॉनची ट्यूब: माझा अनुभव

आमच्या ओम्नीखाली फरशीवर ऑइलचा डाग रोज ठरलेला. आधी एका गॅरेजवाल्यानं चेंबर (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं ती पत्र्याची वाटी) काढून जॉइंटला सिलिकॉन, म्हणजे फट बंद करायची रबरासारखी पेस्ट, थापून दिलं होतं तरी गळती काही थांबेना, मग म्हटलं आता घरीच करू. सोलापुरात विजापूर रोडला आमच्या शेजारी एक रिटायर मिस्त्री मामा राहतात, ते खुर्ची टाकून बसले आणि पाना माझ्या हातात.

मामांनी लगेच खोलू दिलं नाही. आधी इंजिन खालून धुवून कोरडं करायला लावलं, वर टाल्कम पावडर मारायची आणि एक चक्कर मारून यायचं. कारण ऑइल कधीकधी वरून टॅपेट कव्हरमधनं किंवा मागच्या ऑइल सीलमधनं येतं, ओघळून चेंबरवर दिसतं आणि आपण उगाच चेंबर खोलत बसतो. आमच्याकडे पावडर चेंबरच्या जॉइंटलाच भिजली होती, म्हणजे विषय संपला.

चेंबर खाली आला तर ऑइल पंपाच्या जाळीवर सिलिकॉनचे शेवयांसारखे तुकडे अडकलेले! "बाहेर जेवढं दाबून निघतंय तेवढंच आत पण निघतंय की, ते दिसत नाही एवढंच," मामा म्हणाले. जाळी बुजली की बेअरिंगला ऑइल पोचत नाही आणि इंजिनच बसतं, त्यापेक्षा गळती परवडली.

खरा वेळ गेला तो सफाईत. जुनं सिलिकॉन प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडायचं, वरचा ब्लॉकचा फेस (इंजिनाचा चेंबर टेकतो तो सपाट भाग) तर लोखंडी पात्यानं ओरखडायचाच नाही, एक चरा पडला की तिथनं ऑइल वाट काढतं. चेंबर पत्र्याचा, आधीच्यानं बोल्ट इतके आवळलेले की भोकांभोवती पत्रा वर आलेला, म्हणजे बोल्टापाशी टेकतोय आणि मधे फट. तो सपाट लोखंडावर ठेवून हातोडीनं हळूहळू बसवला. पुसायला मी घरातला जुना टॉवेल आणला, सोलापुरात टॉवेलला काय तोटा, तर मामा ओरडलेच, टॉवेलचे धागे फेसला चिकटतात, सुती धोतराचं फडकं आण म्हणाले. शेवटचा हात थिनरचा. आणि ब्लॉकमधनं थेंब थेंब ऑइल उतरतच राहतं, म्हणून रात्रभर तसंच निथळू दिलं आणि सकाळी परत पुसलं, तेलकट फेसवर कुठलंच सिलिकॉन धरत नाही.

ट्यूब घेताना सेन्सर सेफ (म्हणजे गाडीच्या सेन्सरला अपाय न करणारी) लिहिलेली घ्या. लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास मारतो ते सिलिकॉन इंजिनला नको, त्यातनं ॲसिटिक ॲसिड सुटतं आणि धातू गंजवतं. लावायची एकच अखंड रेघ, 2-3 मिलिमीटर जाड, आणि बोल्टाच्या भोकापाशी रेघ आतल्या बाजूनं वळवायची, नाहीतर ऑइल बोल्टावाटे बाहेर. वर साय धरायच्या आत चेंबर बसवायचा, उन्हाळ्यात तर फोन घ्यायला पण थांबू नका. दहाच्या पान्यानं सगळे बोल्ट आधी नुसते टेकवले, मग समोरासमोरचे थोडे थोडे आवळत गेलो. 6 एमएमच्या बोल्टाला साधारण 10 न्यूटन मीटर पुरतं, मनगटाचा जोर फक्त, खांदा लावायचा नाही.

संध्याकाळी मित्र आला, म्हणे "ऑइल टाक की बे, 42 डिग्रीत कधीच वाळलं असेल." पण हे सिलिकॉन नुसत्या उन्हानं वाळत नाही, हवेतल्या ओलाव्यानं पक्कं होतं, तेही बाहेरून आत. आपल्याकडे मे महिन्यात हवा ठणठणीत कोरडी, त्यामुळं वरून कडक लागलं तरी आत कच्चंच असतं. ट्यूबवर 24 तास लिहिलंय, मी वर अजून एक रात्र जाऊ दिली, मगच ऑइल भरलं.

तुळजापूरला जाऊन आलो, जॉइंट कोरडा. उरलेल्या ट्यूबच्या तोंडात स्क्रू पिळून ठेवलाय. मित्राला ती कार्बोरेटरच्या वाटीला लावायला पाहिजे होती, दिली नाही, पेट्रोलमधे हे सिलिकॉन फुगून सुटतं, तिथं कंपनीचं गॅस्केटच टाक म्हटलं.