तुम्ही विचारलंत म्हणून : लागण एकच, मग चाल वेगळी का?

एचआयव्ही बाधितांवर उपचार करता करता माझे केस पिकले आणि एक प्रश्न मात्र अजून तसाच समोर येतो. "डॉक्टर, दोघे सख्खे भाऊ, लागणही एकाच सुमाराची, मग धाकटा तीन वर्षांत अंथरुणाला खिळला आणि थोरला दहा वर्षं धडधाकट राहिला, हे कसं?" मोफत एआरटी (एचआयव्हीला आवर घालणारा औषधोपचार) सुरू होण्यापूर्वीच्या, म्हणजे २००४ च्या आधीच्या, आठवणी घेऊन येणारी माणसे हे हमखास विचारतात आणि पाठोपाठ हळूच म्हणतात, "आमचं रक्त मुळात चांगलं, असं समजायचं का?"

जनुकांचा भाग यात खरोखरच आहे. १९९६ मध्ये सीसीआर५ या जनुकातला डीएनएच्या ३२ अक्षरांचा तुकडा काही माणसांत गळालेला असतो हे उघड झाले. विषाणूला पेशीत शिरण्यासाठी सीडी४ (रोगप्रतिकारक पेशींवरचा, विषाणू ज्याला चिकटतो तो रेणू) च्या जोडीला जे दार बहुधा लागते, तेच दार या माणसांत पेशीच्या पृष्ठभागावर येत नाही. आई आणि वडील अशा दोघांकडूनही असे जनुक आले तर नेहमीच्या विषाणूची लागण सहसा होतच नाही. एकाकडूनच आले तर आजार सावकाश वाढतो. पण हा बदल उत्तर युरोपात आढळतो, आपल्याकडे अगदी क्वचित, त्यामुळे त्या दोन भावांचे कोडे त्याने सुटण्याची शक्यता फारच कमी.

मला अधिक महत्त्वाची वाटतात ती सहाव्या गुणसूत्रावरची एचएलए जनुके. बाधित पेशी विषाणूच्या प्रथिनांचे बारीक तुकडे करते आणि त्यातला नऊ-दहा अमिनो आम्लांचा एखादा तुकडा एचएलए रेणूच्या खाचेत बसवून बाहेर धरते. तो पाहून शरीराच्या संरक्षण यंत्रणेतल्या मारक पेशी तिच्यावर तुटून पडतात. खाचेचा आकार माणसागणिक बदलतो, म्हणून कोणता तुकडा दाखवला जाईल हेही बदलते. एचएलए-बी५७ आणि बी२७ हे प्रकार विषाणूच्या कवचाच्या प्रथिनातले असे तुकडे पकडतात की ते बदलून निसटायला गेले तर विषाणूची वाढण्याची ताकदच घटते. उलट, बी३५ च्या काही उपप्रकारांत आजार लवकर बळावतो. आणि दोन्हीकडून एकसारखेच एचएलए मिळाले, तर दाखवायला तुकड्यांची विविधताच कमी पडते. अशांचाही आजार वेगाने वाढतो, हे १९९९ मध्ये दिसून आले.

आता भावांकडे येऊ. एचएलएचा हा सगळा संच सहसा एकगठ्ठा उतरतो: वडिलांच्या दोन संचांपैकी एक, आईच्या दोनांपैकी एक. म्हणजे दोन सख्ख्या भावांचे एचएलए तंतोतंत जुळण्याची शक्यता चारात एक, आणि त्यातले काहीच न जुळण्याचीही तेवढीच. "एकाच रक्ताचे" हा शब्दप्रयोग इथे फसवा ठरतो.

शिवाय विषाणूही गप्प बसत नाही. जपानमध्ये बी५१ हा प्रकार पुष्कळ लोकांत आढळतो. तिथल्या विषाणूने त्याला चुकवणारा बदल इतका पक्का केला की त्या प्रकाराने मिळणारे संरक्षण तिथे जवळपास उरलेच नाही. म्हणून चांगल्या रक्ताच्या भरवशावर गोळ्या पुढे ढकलणाऱ्याला मी स्पष्ट नकार देतो. २०१७ पासून आपल्याकडे रक्तातल्या सीडी४ पेशींची संख्या कितीही असो, निदान होताच उपचार सुरू केले जातात, आणि गोळ्या नियमित घेतल्या तर बी३५ वाल्याचाही व्हायरल लोड, म्हणजे रक्तातले विषाणूचे प्रमाण, खाली येतो.

"मग जनुकांची तपासणी करून घेऊ का?" हा पुढचा प्रश्न. आजाराची चाल ओळखण्यासाठी नको. अबाकावीर हे औषध द्यायचे असेल तर मात्र बी५७:०१ तपासणे योग्य, कारण हा उपप्रकार असलेल्यांपैकी अनेकांना त्या औषधाची जीवघेणी रिॲक्शन येऊ शकते. तीही त्याच खाचेमुळे: अबाकावीरचा रेणू तिच्यात जाऊन बसतो आणि मारक पेशींना स्वतःच्याच निरोगी पेशी परक्या वाटू लागतात.