कोणाचं नाव आधी?

गीतेच्या पहिल्या अध्यायात पांडवांचे शंख वाजतात, ती जागा मी कथा लिहायला बसले की हमखास उघडते. आधी हृषीकेशाचा पांचजन्य, मग धनंजयाचा देवदत्त, मग भीमाचा पौंड्र. युधिष्ठिराचा अनंतविजय चौथा! थोरला भाऊ, ज्याच्या राज्यासाठी युद्ध, तो चौथा. पण आदल्याच श्लोकात पांढऱ्या घोड्यांचा रथ आलाय. संजयाची नजर तिथे खिळली आहे, म्हणून रथातले दोघे, कृष्ण आणि अर्जुन, आधी. त्याच अध्यायात दुर्योधन आपले वीर मोजतो, तेव्हा सेनापती भीष्मांच्याही आधी द्रोण येतात, कारण बोलणं त्यांच्याशीच चाललंय. आणि भीष्म असेपर्यंत लढणार नाही म्हणून बसलेला कर्ण तिसरा, कृपाचार्यांच्याही आधी. दुर्योधनाचा जीव कुठे गुंतलाय ते एका नावाच्या जागेवरून कळतं.

द्वंद्व समासाचे नियम आहेतच. पाणिनी म्हणतो, कमी स्वरांचा शब्द आधी. त्याच्या सूत्रांवर वार्तिकं लिहिणाऱ्या कात्यायनाची भर अशी की पूज्य आधी, थोरला भाऊ आधी. व्याकरणाला ते शोभतं. कथेत मात्र मानापेक्षा नजर मोठी, असं माझं ठाम मत आहे.

सध्या वाईच्या एका घराच्या वाटणीची कथा लिहितेय. पहिल्या खर्ड्यातलं वाक्य होतं, ‘अण्णा, दत्ता, वसंता आणि सुमन ओसरीवर बसले होते.’ आधी बाप, मग मुलगे, शेवटी मुलगी. वसंता सुमनपेक्षा लहान असूनही तिच्या पुढे. जुन्या छापील नाटकांत पुष्कळदा पुरुषपात्रं वर आणि स्त्रीपात्रं खाली असतात, ते मला नेहमी खुपतं. शिवाय ही कथा सुमनच्या डोळ्यांनी दिसते. ती एसटीतून उतरून आलीय, आणि कडेवर घेऊन वाढवलेला वसंता तिला आधी दिसणार. म्हणून आता वाक्य असं आहे: ‘ओसरीवर वसंता, अण्णा आणि दत्ता बसले होते.’ सुमन यादीतून गेली, कारण बघणारा स्वतःला मोजत नाही. दत्ता मुद्दाम शेवटी ठेवलाय. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे वाचणारा शेवटच्या नावापाशी क्षणभर रेंगाळतो, आणि लगेच पुढच्या वाक्यात मला दत्ताच्या मांडीवरची कागदांची पिशवी दाखवायची आहे. पहिली जागा मायेची, शेवटची धास्तीची, आणि मधे अण्णा. घरातही ते आता असेच मधे अडकलेत.

उरली दत्ताची बायको. तिला मी नाव दिलंय, पण सुमनच्या तोंडी ते कधी येणार नाही, त्यामुळे या वाक्यात ती ‘वहिनी’च राहील. माहेरी आलेल्या नणंदेच्या पायावर पाणी घालायला ती दारातच उभी असणार, म्हणजे तिची जागा वसंताच्याही आधी. मग ओसरीचं वाक्य एक ओळ खाली सरकवावं लागेल. आज रात्री तेच करणार आहे.