आमची वाटचाल : पोटाच्या अभ्यासातून कडक भाकरीकडे

सोलापुरात कडक भाकरी करून विकणारी घरं पुष्कळ आहेत, आणि त्यातल्या अनेकींचा हात आमच्यापेक्षा जुना आहे. आमचा उद्योग मात्र जरा आडवाटेनं उभा राहिला. मी आहारशास्त्रातली संशोधक. शिक्षण जीवरसायनशास्त्राचं आणि नोकरी हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत. तिथं माझा विषय एकच होता : आपण खाल्लेलं भरड धान्य मोठ्या आतड्यात पोचल्यावर त्याचं पुढं काय होतं?

या विषयाकडं मी वळले ती कमला सोहोनींमुळं. 1933 साली बंगळूरच्या विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांनी त्यांना मुलगी म्हणून प्रवेश नाकारला, त्या अडून बसल्या आणि अटी मान्य करून का होईना, प्रवेश मिळवलाच. 1939 मध्ये केंब्रिजची पीएच.डी. घेतली. विज्ञानातली पीएच.डी. मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. मला त्याहून मोठी वाटते ती त्यांची पुढची निवड. मुंबईला येऊन त्यांनी नीरेवर, डाळींवर, गोरगरिबांच्या ताटातल्या अन्नावर काम केलं. कॉलेजात आमच्या बाईंनी हे सांगितलं तेव्हाच मनाशी ठरलं की काम करायचं तर ज्वारीवर.

प्रयोगशाळेत काय चालायचं ते थोडं सांगते, कारण आमचा सगळा धंदा त्यावर उभा आहे. माणसाच्या शरीरात सुमारे 38 लाख कोटी जिवाणू असतात असा 2016 मधला अंदाज आहे आणि त्यातले बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात. आपण जे पचवू शकत नाही ते त्यांचं जेवण. धान्यातला चोथा, म्हणजे तंतुमय भाग, आणि शिजून थंड होताना पुन्हा घट्ट रचला गेलेला थोडा स्टार्च लहान आतड्यातून न पचता खाली उतरतो. जिवाणू तो आंबवतात आणि त्यातून ॲसिटिक, प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक ही आम्लं तयार होतात. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं मुख्य इंधन म्हणजे हे ब्युटिरिक आम्ल. त्याची बाटली उघडली की अख्ख्या मजल्यावर खवट लोण्याचा वास सुटायचा आणि शेजारच्या विभागातले लोक येऊन दार लावून घ्यायचे. आम्ही काचेच्या बंद कुप्यांत ज्वारीचं पीठ आणि आतड्यातले जिवाणू एकत्र ठेवायचो आणि कुठलं आम्ल किती तयार झालं ते मोजायचो. त्याच पिठाची भाकरी भाजून, वाळवून ठेवली की आकडे बदलायचे. तेव्हापासून कडक भाकरी माझ्या डोक्यात बसली.

हैदराबादनं मला आणखी एक गोष्ट शिकवली. ज्वारीचे गोडवे गाणारे ती सांगत नाहीत, म्हणून मी मुद्दाम सांगते. दख्खनच्या पठारावर ज्वारी हेच मुख्य अन्न असलेल्या गरीब घरांत पेलाग्रा नावाचा रोग आढळायचा. उन्ह लागेल तिथली कातडी काळवंडून सोलवटायची, जुलाब व्हायचे, बुद्धी भ्रमिष्ट व्हायची. नायसिन या जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा हा रोग. डॉ. सी. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी 1960 मध्ये त्याचा संबंध ज्वारीतल्या ल्युसिन या अमिनो आम्लाच्या जादा प्रमाणाशी जोडला. त्या मांडणीवर पुढं बरीच चर्चा झाली, पण नुसत्या एका धान्यावर माणूस निरोगी राहत नाही एवढं तर उघडच आहे. आता सोलापुरी ताट बघा. भाकरीबरोबर शेंगाचटणी असतेच, आणि शेंगदाण्यात नायसिन भरपूर. जोडीला पिठलं, मटकी, दही. म्हणून आम्ही पहिल्या दिवसापासून कडक भाकरी एकटी विकत नाही. पाकिटात शेंगाचटणीची पुडी असतेच. ती पुडी काढून किंमत कमी करा असं सांगणारे बरेच भेटले, पण आम्ही ऐकलं नाही.

परत येण्याचं कारण घरचंच. सासऱ्यांची जमीन मंगळवेढ्याकडं, काळी कसदार. ते म्हणायचे, "ज्वारी आता कडब्यासाठी पेरायची, दाण्यात काय उरत नाही." मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्याकडची जुनी जाणती मालदांडी 35-1 ही मोहोळच्या संशोधन केंद्रावर 1930च्या दशकात स्थानिक वाणातून निवडलेली. आणि एवढं असून पिकवणाऱ्याला दाणा परवडत नाही! नवऱ्याशी बोलले, नोकरी सोडली आणि अक्कलकोट रोडला एक लहान गाळा घेतला.

धंद्यात खरी कसोटी पिठाची निघाली. ज्वारीत ग्लूटेन, म्हणजे गव्हाची कणीक धरून ठेवणारं प्रथिन, नसतं, त्यामुळं भाकरी धरून ठेवते ती पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा. दळून दिवस झाले की विरी जाते, भाकरी थापताना कडेनं चिरते आणि उचलली की तुटते. पीठ मशीनवर तपासून मी "चांगलं आहे" म्हणायचे. आमच्याकडच्या मावशी परातीत चिमूटभर पीठ घेऊन त्यावर उकळतं पाणी टाकायच्या, दोन बोटांत मळायच्या आणि सांगायच्या, "ताई, ह्याची विरी गेलीय. ह्याचं आंबील करा, भाकरी नको." त्यांचा शब्द अखेरचा धरला जातो. दळण रोजच्या रोज होतं, आदल्या दिवशीचं पीठ थापायला जात नाही. मावशी भाकरी इतकी पातळ थापतात की परातीचं नक्षीकाम जाणवावं. मग ती आधी तव्यावर, नंतर मंद आचेवर पार कोरडी होईपर्यंत. ओल राहिली की बुरशी, म्हणून प्रत्येक घाण्याची ओल मोजतो.

चक्की आमची स्वतःची आहे आणि तिच्यात गहू कधीच पडत नाही. सिलिएक आजार, म्हणजे ग्लूटेन खाल्लं की आतड्याला इजा होणारा आजार, असलेल्या मुलांचे आईवडील आमच्याकडून भाकरी नेतात. ग्लूटेनमुक्त म्हणायला किलोमागं 20 मिलिग्रॅमच्या आत ग्लूटेन लागतं. ज्या चक्कीत गहू दळला जातो तिथलं ज्वारीचं पीठ ही अट पाळेलच असं नाही. या मुलांसाठी कणभर गहूसुद्धा त्रास देतो, तेव्हा इथं सवलत नाही.

2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष. त्या वर्षी मागणी अचानक वाढली आणि तसे सल्लेही. एका मोठ्या व्यापाऱ्यानं पाकिटावर "मधुमेह घालवते, पोट साफ करते, गव्हाच्या दुप्पट फायबर" असं छापा, माल भरपूर उचलतो, असं सांगितलं. आम्ही नाही म्हटलं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या तक्त्यात शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे 10 ग्रॅम चोथा आहे आणि कणकेत त्याहून किंचित जास्तच. फरक पडतो तो मैद्याशी, तिथं तो 3 ग्रॅमच्याही खाली जातो. अन्नसुरक्षेच्या नियमानं शंभर ग्रॅमला 6 ग्रॅमच्या वर चोथा असेल तर "भरपूर तंतुमय" लिहिता येतं. ते आम्ही लिहितो, रोग बरा होतो असं लिहीत नाही. उलट पाकिटामागं सूचना छापली आहे : आतापर्यंत मैदा आणि भातच खात असाल तर अर्ध्या भाकरीपासून सुरुवात करा, पाणी जास्त प्या, एकदम चोथा वाढवला तर पोटात वारा धरतो. पोटाचा जुना विकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. ही सूचना वाचून फोन करणारी माणसं आमची सगळ्यात पक्की गिऱ्हाइकं झाली आहेत. ती नुसती भाकरी मागत नाहीत, काय खावं ते विचारतात, आणि मला बोलायला आवडतं.

सध्या आंबिलीच्या पिठाचं काम चालू आहे. ज्वारीचं पीठ ताकात रात्रभर आंबवलं की त्यातलं लोह अडवून धरणारं फायटेट कमी होतं आणि लोह शरीराला जास्त मिळतं. हे आम्ही छापू शकतो. "प्रोबायोटिक" लिहा असं दोघातिघांनी सुचवलं, पण त्या शब्दाला जिवंत जिवाणू पुरेशा संख्येनं पोटात जायला हवेत, आणि आंबील उकळल्यावर ते मरतात. तेव्हा तो शब्द येणार नाही. मंगळवेढ्याची नवी ज्वारी घरात आली की पहिला घाणा काढू, त्याची ओल आणि आंबटपणा मोजू आणि मावशींनी बरी म्हटली तरच पाकिटं भरू.