नववीच्या विज्ञानात अडवतात ते ओळखीचे शब्द

'प्रकाशसंश्लेषण' किंवा 'ऑक्सिडीकरण' हे शब्द बोजड दिसतात, पण शिकवायला त्यामानाने सोपे. मुलांच्या मनात त्यांचा आधीचा अर्थच नसतो. खरी मेहनत लागते ती वेग, बल, कार्य, शक्ती, वजन या शब्दांवर. ते रोज कानावर पडतात, म्हणून मुलं 'कळलं' म्हणतात आणि पेपरात घरातलाच अर्थ लिहून येतात.

एका धड्याला पाच-सहा शब्द पुरेत. फळ्यावर वीस व्याख्या उतरवून दिल्या की वह्या तेवढ्या भरतात. धडा सुरू करण्याआधी प्रत्येकाला त्या शब्दाचं एक वाक्य लिहायला सांगावं. 'गाडी वेगात गेली' हे वाक्य चूक नाही. फळ्याच्या एका कडेला तसंच राहू द्यावं.

मग मैदानावर जावं. 200 मीटरची एक फेरी 40 सेकंदांत झाली, तर सरासरी चाल 5 मीटर प्रति सेकंद. पण धावणारी मुलगी सुटली तिथेच परत आली, म्हणून विस्थापन (सुटल्या जागेपासून पोचल्या जागेपर्यंतचं सरळ रेषेतलं अंतर, दिशेसह) शून्य आणि त्यावरून काढलेला सरासरी वेगही शून्य. 'मग ती धावलीच नाही का?' असा गलका हमखास होतो. तो होऊ द्यावा, सूत्र सांगायची घाई करू नये. वाद घालता घालता मुलं 'दिशा' या मुद्द्यापर्यंत येतात. व्याख्या त्यानंतर दिली की ती पाठ करावी लागत नाही.

एककाशिवाय वाक्य स्वीकारायचं नाही, हा नियम फार उपयोगी पडतो. वस्तुमान 50 किलोग्रॅम, तर पृथ्वीवर वजन सुमारे 490 न्यूटन. चंद्रावर वजन साधारण एक षष्ठांश, वस्तुमान मात्र तेवढंच. न्यूटन हे बलाचं एकक लिहायची सवय लागली की वजन हे बल आहे हे विसरत नाही.

प्रश्नातले शब्दही शिकवावे लागतात. 'फरक स्पष्ट करा'मध्ये मुलं डावीकडे एकक लिहितात आणि उजवीकडे उदाहरण. दोन्ही रकान्यांत मुद्दा एकच हवा, हे रकाने आखून दाखवावं. 'शास्त्रीय कारणे लिहा'साठी 'असल्यामुळे', 'परिणामी' वापरून तोंडी वाक्यं करून घ्यावीत.

उजळणी वही मिटून, पाच मिनिटं: दोन दिवसांनी, आठवड्याने आणि घटक चाचणीआधी. सेमी इंग्रजीच्या वर्गात चर्चा मराठीत चालू द्यावी, पण 'स्पीड' आणि 'व्हेलॉसिटी' ही जोडी 'चाल' आणि 'वेग' यांच्याशेजारी त्याच पानावर लिहून घ्यावी, कारण बोलताना दोन्हीला 'स्पीड'च म्हटलं जातं.