माझी पहिली दमदार गाडी आणि फॉर्म 29 ची दुसरी कॉपी

2008 सालची गोष्ट. मी 23 वर्षांचा, नेव्हीत, पोस्टिंग गोव्याला नेव्हीच्या विमानतळावर, आयएनएस हंसावर, सी हॅरिअर या लढाऊ विमानांच्या स्क्वाड्रनमध्ये मेकॅनिक. म्हणजे दिवसभर 20 हजार पौंडांच्या वर थ्रस्ट देणाऱ्या हॅरिअरच्या पेगॅसस इंजिनाला हात लावायचा आणि संध्याकाळी वास्कोला जायला कुणाच्या तरी स्प्लेंडरच्या मागं बसायचं, ते पण पेट्रोल आपण टाकून. त्यात सहाव्या वेतन आयोगाच्या एरिअर्सचा पहिला 40 टक्क्यांचा हप्ता खात्यावर पडला. गावाकडं आण्णांनी आधीच ठरवून ठेवलेलं, बोअर मारायची. मी फोनवर हो हो म्हणलं.

आमच्याच हँगरमधले एक चीफ (चीफ पेटी ऑफिसर, माझे सीनिअर) त्यांची फियाट पॅलिओ विकत होते, 2002 ची, 1.6 जीटीएक्स, लाल. नवीन पोरांना माहीत नसेल म्हणून सांगतो, 1596 सीसी, 100 हॉर्सपॉवर, ते पण हॅचबॅकमध्ये. पॅलिओची जाहिरात सचिन करायचा आणि गाडी बनायची आपल्या कुर्ल्यात. बोगमाळोच्या रस्त्याला चीफनी चावी दिली, मी दुसऱ्या गिअरमध्ये जरा पाय दाबला, आरपीएमचा काटा 4 हजारच्या वर गेला आणि आवाजच बदलला, मानेला मागं हिसका बसला तसे चीफ शांतपणे म्हणाले, 'आराम से बेटा, ये हॅरिअर नहीं है.' दरवाजा लावला की तिजोरी बंद केल्यासारखा धप्प आवाज. सौदा तिथंच झालेला, बाकी सगळं नंतर.

1 लाख 40 हजार ठरले. एरिअर्स, साठवलेले आणि दोन मित्रांची उसनवारी. गाडी घ्यायची तर ऑफिसला कळवावं लागतं, म्हणून रिक्वेस्ट फॉर्म टाकला, डिव्हिजनल ऑफिसर साहेबांसमोर उभा राहिलो, पैसे कुठनं आणले ते सांगितलं, सही मिळाली. एवढं सोपं गेलं म्हणून मला वाटलं पुढचंही असंच जाईल.

गोव्यातच नावावर केली असती तर विषय संपला असता. पण मला गावात एमएच नंबर मिरवायचा होता. (शिवाय गोवा पासिंग गाडी आंबोलीच्या वाटेवर दर वेळी थांबवतात, डिकी उघडा म्हणतात. माझ्या डिकीत कायम काजूची पिशवी आणि युनिफॉर्मची बॅग, तरी हवालदार वास घेऊन बघायचे.) मग एनओसी, म्हणजे गाडी दुसऱ्या राज्यात न्यायचा ना हरकत दाखला, काढायची. आधी चीफच्या बँकेचं लोन फिटल्याचं पत्र, त्यावरनं फॉर्म 35 (आरसीवरचं बँकेचं नाव काढायला), मग फॉर्म 28 (एनओसीचा अर्ज), त्याच्यावर चासी नंबरचा ठसा पाहिजे. भर उन्हात गाडीत वाकून नंबरावर कागद धरून पेन्सिल घासत बसलो, तिसऱ्या कागदावर कुठं सगळे आकडे स्वच्छ उठले. या सगळ्यात दोन महिने गेले, तेवढ्यात चीफची बदली झाली, विशाखापट्टणमला एका जहाजावर.

एनओसी हातात आल्या आल्या 10 दिवसांची रजा टाकली. सावंतवाडी, आंबोली, आजरा, गडहिंग्लज, पहिल्यांदाच एकटा आणि घाटात तिसऱ्या गिअरच्या खाली यायची गरजच पडेना, ते सुख काय सांगू. दुसऱ्या दिवशी आरटीओ. खिडकीतल्या बाईंनी कागद चाळले, फॉर्म 30 (गाडी नावावर करायचा अर्ज) बघितला, फॉर्म 29 (गाडी विकल्याची नोटीस) बघितला आणि म्हणाल्या, 'दुसरी कॉपी?' फॉर्म 29 दोन प्रतींत लागतो, दोन्हीवर विकणाऱ्याची सही. मी एकाच कॉपीवर घेतलेली. झेरॉक्स चालेल का विचारलं तर नुसतं चष्म्यावरनं बघितलं.

चीफना फोन लावला, बंद. जहाज सेलिंगला, म्हणजे समुद्रात. बाहेर एकजण म्हणाला सही मीच करतो, पन्नास रुपये द्या. खोटं कशाला बोलू, एक मिनिट विचार केला. मग फॉर्म स्पीड पोस्टानं धाडला, पत्ता म्हणजे जहाजाचं नाव, केअर ऑफ फ्लीट मेल ऑफिस, विशाखापट्टणम. आत दुसरं रिकामं पाकीट, तिकीट लावून, माझा पत्ता घालून. रजा संपली, गाडी घरात ठेवून एसटीनं गोव्याला गेलो. सात आठवड्यांनी पाकीट आलं, सही दोन्ही कॉप्यांवर, कोपऱ्यात लिहिलेलं 'ऑइल चेक करता है ना?'

पुढच्या रजेत टॅक्स भरला, इन्स्पेक्टरनं गाडी बघितली, काही दिवसांनी आरसी आली. तोवर एरिअर्सच्या राहिलेल्या 60 टक्क्यांत बोअर पण मारून झाली होती, त्यामुळं आण्णा जरा निवळलेले. नवीन नंबर प्लेट लावून त्यांना बाजारला घेऊन गेलो. जाताना एक शब्द नाही, खिडकीला कोपर टेकवून बसलेले. उतरताना बॉनेटवर हात ठेवला आणि विचारलं, 'लिटरला किती देती?'

म्हणलं बारा. देत होती नऊ.