काबूलचा तबला, बर्लिनचा हॉल आणि ठाण्याची पुडी

बर्लिनहून येताना यावेळी मांडीवर तबला घेऊन बसले होते. फक्त तबला, डग्गा तिकडेच आहे. गेल्या हिवाळ्यात हीटरच्या कोरड्या हवेने पुडी, म्हणजे तबल्यावरचं चामडं, तडकली, तिच्यावरच्या काळ्या शाईचे खपले निघायला लागले आणि आमच्या हॉलमधल्या काकांचं वाजवणं थांबलं. नवी पुडी मागवता आली असती, पण ती चढवणार कोण? म्हटलं, ठाण्याला जातेच आहे.

परवा स्टेशनजवळच्या जुन्या दुकानात तो दिला. दुकानातल्या मामांनी तबल्याचं लाकडी खोड फिरवून पाहिलं, बुडावर टिचकी मारली. "हे आपल्याकडचं काम नाही. कुठला हा?"

"काबूलचा."

मामांनी हातातली चामड्याची वादी खाली ठेवली आणि मला बसायला स्टूल दिलं.

काका अफगाणिस्तानातले. दरी भाषेतही काका म्हणजे काकाच, त्यामुळे पहिल्या दिवसापासून मला वेगळी हाक शोधावी लागली नाही. 1860 च्या दशकात अमीर शेर अली खान यांनी हिंदुस्थानातून गवई-वादक काबूलला नेले, खराबात नावाच्या वस्तीत त्यांना राहायला जागा दिली. तेव्हापासून तिथे रबाब या तंतुवाद्याच्या साथीला आपला तबला आहे. 1996 मध्ये तालिबानने संगीतावर बंदी घातली तेव्हा काकांनी हाच तबला धान्याच्या पिपात लपवून वाचवला. ऑगस्ट 2021 मध्ये तालिबान पुन्हा सत्तेवर आलं, त्यानंतर मात्र काकांनी देशच सोडला.

आता काका जिथे वाजवतात त्या बर्लिनच्या हॉलबद्दल. तुमच्यापैकी बरेच जण विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमचा हॉल म्हणजे एका चर्चच्या मागची सभेची खोली. आठवड्यातून तीन संध्याकाळी ती निर्वासितांच्या गाण्या-नाटकासाठी मिळते. बाकीचे दिवस तिथे लहान मुलांची शाळा आणि ज्येष्ठांचा चहा. म्हणजे रंगमंच उभा करायचा आणि रात्री दहाला काहीच नव्हतं असा मोडायचा. पैसे बेताचेच. तेव्हा मला कळव्याचे आमचे नेपथ्यवाले दादा आठवले. कॉलेजच्या एकांकिकांच्या दिवसांत त्यांच्या टेम्पोतून लेव्हल, म्हणजे रंगमंचावरचे लाकडी चौथरे, उतरवून मी गडकरी रंगायतनच्या विंगेत नेल्या आहेत. त्यांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी कागदावर रेघा मारून दाखवलं : सहा बाय तीनची चौकट, खालचे पाय बिजागरीवर आत मिटणारे, वरची फळी सुटी. "बिजागरी आतून लाव, नाहीतर साडीचा काठ अडकतो," हेही सांगितलं. तिथे साडी कोणी नेसत नाही, पण सीरियातल्या बायकांचे लांब झगे आहेत. दादांचं म्हणणं तंतोतंत खरं ठरलं. अशा आठ लेव्हल आता कपाटामागे उभ्या मावतात.

काळे पडदे घेताना तिथला नियम कडक. कापड सहज पेट न घेणारं, बी-वन दर्जाचंच हवं आणि त्याचा दाखला हाताशी हवा. दोन्ही दरवाजांपर्यंतची वाट मोकळी. हे सगळं पटण्यासारखंच.

जे कोणत्याही नियमात लिहिलेलं नव्हतं ते हळूहळू कळलं. पहिल्याच कार्यक्रमात आम्ही सवयीने पूर्ण ब्लॅकआउट घेतला. पुढच्या रांगेतला एक मुलगा किंचाळत आईच्या कुशीत शिरला. त्यानंतर आमच्याकडे अंधार कधी पूर्ण होत नाही, दरवाजावरचा दिवा जळतच राहतो. तालमीचं वेळापत्रक जर्मनच्या क्लासच्या वेळा बघून ठरतं, रमजानात इफ्तारनंतर. कोपऱ्यात मुलांसाठी सतरंजी, कारण ती नसेल तर आया येतच नाहीत. आणि प्रत्येक भूमिका दोघांना पाठ असते. कुणाला कधी दुसऱ्या गावच्या छावणीत हलवतील याचा नेम नाही.

पण सगळ्यात मोठी चूक आमच्या हातून झाली ती विषयात. आम्ही म्हटलं, तुमची गोष्ट सांगा, कसे आलात ते सांगा. आमचा हेतू वाईट नव्हता. पण आश्रय मागताना सरकारी अधिकाऱ्यासमोर हीच गोष्ट तारीखवार सांगावी लागते आणि तिच्यावरच राहायला मिळणार की नाही ते ठरतं. मग पत्रकार तेच विचारतात. वर आम्ही. अलेप्पोच्या एका बाई शांतपणे म्हणाल्या, "ते मी ऑफिसात सांगून आलेय. इथे मला खाष्ट सासू करायचीय."

त्यांनी सासू केली. सून युक्रेनची, अर्धे संवाद अरबीत, अर्धे मोडक्या जर्मनमध्ये. चहात साखर कमी म्हणून त्यांनी कप लेव्हलवर असा आपटला की दादांची बिजागरी वाजली. हॉल हसून कोसळला. आपल्या नाटकाला रविवारी दुपारी हसतो ना, तसा.

मला हे आधी कळायला हवं होतं. नौपाड्यात आमच्या शेजारी सिंधी आजी होत्या, लहानपण उल्हासनगरच्या बराकीत गेलेलं. कल्याणजवळची ती लष्करी छावणी, फाळणीनंतर सिंधी निर्वासितांनी भरली आणि 8 ऑगस्ट 1949 ला तिचं उल्हासनगर झालं. पत्त्यात कॅम्प नंबर आजही लिहितात. बराकीत दोन कुटुंबांमध्ये गोणपाटाचा पडदा असायचा, हे आजी एका वाक्यात सांगून मोकळ्या व्हायच्या. पण बराकींमधल्या मोकळ्या जागेत भगत व्हायचा, पायात घुंगरू बांधून गाणारा-नाचणारा यायचा, त्याचं वर्णन करायला लागल्या की त्यांचा हात आपोआप ताल धरायचा. आम्ही पोरं फाळणीचं विचारायचो, त्या भगताचं सांगायच्या.

आज तबला आणायला गेले होते. नवी पुडी बसली होती, काठाचा विणलेला गजरा घट्ट, वाद्या ओढून त्यांखालचे लाकडी गठ्ठे सारलेले. मामा हातोडी घेऊन बसले आणि विचारलं, "कुठल्या सुरात लावू?"

मला कुठे ठाऊक! बर्लिनला काकांना मेसेज टाकला. दोन मिनिटांत त्यांचा आवाज आला, एकच लांब सूर, मागे ट्रामची घंटा. मामांनी फोन गुडघ्यावर ठेवला, तो सूर पुन्हा लावायला सांगितला, डोळे मिटले आणि गजऱ्यावर पहिला ठोका दिला.